व्हिनेगरची चाचणी की एचपीव्हीची?

गर्भाशयमुखात कर्करोगाआधीचे बदल होतात तेव्हा बहुतेकींना ना दुखतं, ना खुपतं. म्हणून तपासणी हवीच.

व्हीआयए म्हणजे व्हिनेगरची चाचणी. तीत गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून मिनिटभराने बदलाची खूण असणारा पांढरा डाग उमटतो का, ते पाहतात. स्वस्त, निकाल तिथल्या तिथे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ती दर दोन वर्षांनी करवली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण सगळी भिस्त पाहणारीच्या नजरेवर. आणि पाळी गेल्यावर बदल होणारी जागा आत सरकते, डाग बरेचदा दिसत नाही.

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) चाचणी मूळ कारणच शोधते, म्हणजे या विषाणूचे १६, १८ सारखे धोक्याचे प्रकार. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या बायकांची ती एकदाच केली, तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हीआयएला तिथे ते साधलं नाही. शिवाय नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, लाजेपायी कितीतरी जणी तपासणीच टाळतात. मात्र ती महाग. आणि विषाणू सापडला म्हणजे बदल झालेच असं नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. एचआयव्ही किंवा धूम्रपान असेल तर टिकून राहण्याचा धोका वाढतो.

परवडत असेल तर एचपीव्हीच करा. गावात फक्त व्हीआयए होत असेल, तर दुसरीची वाट पाहत बसू नका.