कधीमधी लागणाऱ्या वस्तूत सेल कोणता ठेवावा?

बीपीचं मशीन, एसीचा रिमोट, डिजिटल वजनकाटा, अडीअडचणीला लागणारी टॉर्च. अशा वस्तू बऱ्याचदा आत विसरलेल्या सेलमुळंच जातात. दुकानात मात्र आपण सेलची किंमत बघतो, आतल्या मशीनची नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे साधा कार्बन-झिंक सेल. याचं जस्ताचं डबडंच याचं इंधन असतं. सेल चालतो तसं ते आतून खाल्लं जातं, पातळ होतं आणि ओला मसाला बाहेर पाझरतो. भिंतीवरच्या घड्याळाला किंवा रोज हातात येणाऱ्या टीव्हीच्या रिमोटला हा चालतो, कारण सेल उतरला की लगेच कळतं. बंद पडून राहणाऱ्या वस्तूत याला जागा देऊ नये.

अल्कलाइन सेलवर लोकांचा भरवसा जास्त आणि घात तिथंच होतो. त्याचं कवच पोलादाचं असतं, पण सेल पार उतरला की आत हायड्रोजन वायू साठतो, दाबानं सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे दाहक रसायन बाहेर येतं. ते स्प्रिंग आणि पट्ट्या खातं, हवेत सुकून पांढरी भुकटी होतं. पाकिटावर छापलेली दहा वर्षं न वापरलेल्या सेलची असतात. बीपीचं मशीन किंवा वजनकाटा बंद दिसला तरी बऱ्याचदा थोडा थोडा करंट ओढतच असतो. जुना आणि नवा सेल एकत्र घातला तर जुना आधी मरतो, नवा त्याला उलटा पिळतो आणि गळती ठरलेलीच.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. उष्णतेनं सेल पडल्या पडल्याच लवकर उतरतो. सेल ठेवायला जुन्या माळवदाच्या घरातली थंड देवळी फार चांगली. फ्रिजमध्ये मात्र सेल ठेवू नयेत, बाहेर काढल्यावर पाणी धरतात.

चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल क्वचितच गळतात. पडून राहिला तरी कमी उतरणारा प्रकार घेतला तर वर्षभरानंतरही बराचसा चार्ज टिकतो. व्होल्टेज मात्र साध्या सेलच्या १.५ ऐवजी १.२ असल्यानं काही मशीन लवकरच ‘बॅटरी लो’ दाखवतात. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला रानात न्यायच्या टॉर्चला हेच घ्या, पैसे वसूल होतात.

न चार्ज होणारा १.५ व्होल्टचा लिथियम सेल साध्या सेलच्या कितीतरी पट महाग आहे, पण गळण्याचा धोका सगळ्यात कमी. न वापरता ठेवला तर वीस वर्षांपर्यंत टिकतो, साठ अंशांपर्यंतच्या उष्णतेत चालतो आणि वजनालाही हलका. घेताना व्होल्टेज वाचा. त्याच आकारात ३.७ व्होल्टचेही लिथियम सेल मिळतात, ते घातले तर मशीन जळू शकतं.

या सगळ्यांपेक्षा सरस आणि फुकट उपाय म्हणजे सेल काढून ठेवणं. एसीचा रिमोट जूनमध्ये ठेवायचा तर सेल काढून छोट्या पिशवीत घाला, पिशवी रिमोटलाच रबरानं बांधा. करंट वाहू नये म्हणून काहीजण एक सेल उलटा घालून ठेवतात. चार सेलच्या मशीनमध्ये असं कधीच करू नका. बाकीचे तीन सेल उलट्या सेलला चार्ज करतात आणि तो फुटू शकतो.

पण गावाकडं आई-वडिलांजवळ ठेवलेल्या बीपी मशीनचं काय? चक्कर आल्यावर सेल शोधत कोण बसणार? तिथं माझं मत सरळ लिथियमच्या बाजूनं आहे. बऱ्याच मशीनला अ‍ॅडॉप्टरची सोय असते, ती जोडीला असू द्या, पण लोडशेडिंगच्या गावात नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर विसंबू नका. वजनकाट्यासाठी एवढा खर्च नको, सेल काढा आणि मोकळे व्हा.

आधीच गळून गेलं असेल तर सेल काढा, हातमोजे घाला आणि डोळे जपा. अल्कलाइनची पांढरी भुकटी व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसानं निघते. कार्बन-झिंकच्या चिकट घाणीला लिंबू लावून उपयोग नाही, तिथं पाण्यात कालवलेला खायचा सोडा थोडासाच लावा. मग ओलसर कापडानं पुसून नीट वाळू द्या. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा. तरीही चालू झालं नाही, तर पट्टी आतून तुटली असू शकते, मग रिपेरिंगवाल्याकडं न्या.