छापा की वस्तीतलीच राखण?

मानवी तस्करीवर सरकारचा ठरलेला मार्ग म्हणजे पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली वेश्यावस्तीवर छापा, सुटका, सुधारगृह. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणारी ‘प्रेरणा’ ही संस्था पोलीस आणि बालकल्याण समितीला धरूनच ही यंत्रणा सुधारू पाहते. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेला मात्र छापाच खटकतो. अल्पवयीन मुलगी आणि स्वतःच्या मर्जीनं या धंद्यात राहणारी सज्ञान बाई एकाच गाडीत कोंबली जाते. पिटाच्या कलम 17 खाली तिला सुधारगृहात 1 ते 3 वर्षं ठेवता येतं. इकडे लेकरू शाळेतून येतं, तर दाराला कुलूप! म्हणून तिथं ‘वॅम्प’ या बायकांच्याच संघटनेचा भर वस्तीतल्या राखणीवर, म्हणजे बायकांनीच वस्तीवर लक्ष ठेवण्यावर. मुलींसाठी पोलीस हवेतच. पण सज्ञान बाईला आधी विचारा, असं मला मनापासून वाटतं. सर्वोच्च न्यायालयानंही 2022 मध्ये इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेचा विचार करायला सांगितलंय.