निदानाआधीचे सोळा प्रश्न: ‘कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू’ वापरून पाहायची तर

डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकासोबत २०१३ साली आलेली ही मुलाखत रुग्ण आपला त्रास आणि त्याची पार्श्वभूमी कशी पाहतो ते विचारते. ती अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. मानसोपचार ओपीडीत काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी, फक्त कागदावरून वाचून दाखवू नये.

तिची खरी ताकद पहिल्या तीन प्रश्नांत आहे. तुमचा त्रास तुम्ही कसा सांगाल? घरच्यांना कसा सांगता? त्यातलं सगळ्यात जास्त काय छळतं? समोरच्या रुग्ण बाई ‘जीव घाबरतो’ म्हणाल्या, की पुढच्या प्रश्नांतही ‘जीव घाबरणं’च म्हणायचं. मूळ मसुद्यात त्यासाठी मोकळी जागाच सोडली आहे. तिथे ‘अँग्झायटी’ म्हटलं, की माणूस डॉक्टरांना हवं ते बोलू लागतो आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातचं जातं. ते अनेकदा लक्षणांच्या यादीबाहेरचं असतं: ‘धाकट्याला शाळेत सोडायला जाववत नाही.’ जीएडी-७ या चिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीचा २१ पैकी गुण त्रास किती ते सांगतो, औषधाने काय सुधारायला हवं ते या वाक्यातून कळतं. दोन्ही हवेत.

मसुदा टेबलावर बसून पक्का केलेला नाही. भारतासह सहा देशांत तो रुग्णांवर वापरून पाहिला, त्यात पुणेही होतं. चाचणीत १४ प्रश्न होते, नंतर १६ झाले.

आठ ते दहा हे ओळख आणि पार्श्वभूमीचे प्रश्न मात्र मराठीत अवघड जातात. शब्दशः विचारले तर ‘जात विचारताय का?’ असं वाटून समोरचा आखडतो. आधी गाव, घरातली माणसं, कामधंदा यावर बोलावं. आधार आणि ताण विचारणारे सहावा-सातवा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारून उपयोग नाही. नातेवाइकांसाठी वेगळी आवृत्ती आहे, ती त्यांच्याशी स्वतंत्र बसून घ्यावी.

आत्महत्येचा धोका, तीव्र अस्वस्थता किंवा गोंधळलेली अवस्था असेल तर आधी सुरक्षितता, मुलाखत नंतर.

गर्दीच्या ओपीडीत पहिल्या भेटीला एक ते पाच आणि चौदावा (‘आत्ता कुठली मदत उपयोगी पडेल असं वाटतं?’) एवढे पुरतात, उरलेले पुढच्या वेळी. उत्तर रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरवर सगळ्यात वर लिहावं, निदानाचा कोड त्याखाली. सरकारी ओपीडीत पुढच्या खेपेला बहुधा दुसरेच डॉक्टर असतात. नुसता कोड दिसला तर ते गोळीचा डोस तेवढा विचारतात.