रात्री साडेनऊला कोण टिकते? केबलवाला, मोठ्या कंपनीचे फायबर आणि एअरफायबर यांची तुलना

100 एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही रात्री जेवणे आटोपल्यावर व्हिडिओ अडखळतो, परदेशातल्या मुलीशी चाललेला कॉल मध्येच तुटतो आणि तक्रार केली की राउटर बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळतो. ग्राहकांचा हा संताप रास्त आहे, कारण जाहिरातीतल्या आकड्याआधी ‘अपटू’ असते आणि गर्दीच्या वेळी त्यातले किती हाती पडेल, हे सहसा कुठेच लिहिलेले नसते. म्हणून कनेक्शन निवडताना रात्री नऊ ते अकराची कसोटी लावणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

फायबर थेट घरात आले तरी ते एकट्याच्या मालकीचे नसते. प्रचलित जीपीओएन पद्धतीत पुरवठादाराच्या यंत्रावरील एका पोर्टची (जोडणीची) सुमारे 2.5 जीबीपीएसची (1 जीबीपीएस म्हणजे 1000 एमबीपीएस) डाउनलोड क्षमता स्प्लिटर, म्हणजे एक फायबर अनेक फाट्यांत विभागणारे उपकरण, लावून बहुधा 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. 64 घरांनी 100 एमबीपीएसचे प्लॅन घेतले, तर विकलेला वेग 6.4 जीबीपीएस होतो. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, त्यामुळे हे बहुतेक वेळा निभावते. खरी कोंडी अनेकदा त्यापुढे, पुरवठादाराने वरच्या कंपनीकडून घेतलेल्या बँडविड्थमध्ये, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेत, होते.

गल्लीतल्या केबलवाल्याची परीक्षा इथेच होते. ग्राहक वाढले पण त्याने बँडविड्थ वाढवली नाही, तर संध्याकाळनंतर सगळी सोसायटी रखडते. याची एक खूण ओळखता येते: यूट्यूब सुरळीत चालते, पण ऑफिसचे व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) मात्र रांगते. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती अनेकदा पुरवठादाराच्या जाळ्यातच साठवलेल्या असतात, तर बाकीची वाहतूक त्या अपुऱ्या वाटेने जाते. स्पीड टेस्टही पुष्कळदा जवळच्याच सर्व्हरशी होत असल्याने आकडा छान दिसतो, म्हणून चाचणी करताना दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडावा. याउलट वायर तुटली, तर ओळखीचा लाइनमन त्याच दिवशी येऊन जोडून जातो, आणि घरून काम करणाऱ्यासाठी ही सोय लहान नाही. बँडविड्थ वेळेवर वाढवणारा केबलवाला मिळाला, तर त्याला सोडू नये.

मोठ्या कंपनीकडे स्वतःचे देशभराचे जाळे असते, त्यामुळे रात्रीची घसरण तुलनेने कमी असण्याची शक्यता अधिक. मात्र स्प्लिटर तिथेही असतोच आणि तक्रार कॉल सेंटरच्या चक्रात फिरते. बीएसएनएलचे फायबर अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारामार्फत दिले जाते, म्हणून देखभाल कोणाकडे आहे ते आधी विचारावे.

एअरफायबर, म्हणजे वायरऐवजी 5जी टॉवरवरून घरात येणारे इंटरनेट, एअरटेलने ऑगस्ट 2023 मध्ये आणि जिओने सप्टेंबर 2023 मध्ये आणले. जिथे वायर पोहोचत नाही तिथे ते वरदान आहे, परंतु टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते आणि मधल्या इमारतींचाही परिणाम होतो. मासिक डेटाची मर्यादाही पाहावी: फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये ती 3300 जीबीच्या आसपास असते, एअरफायबरमध्ये बहुधा 1000 जीबी. दारात वायर येत असेल, तर माझे मत वायरच्या बाजूने आहे.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. 2018 मध्ये सरकारने स्वीकारलेली नेट न्यूट्रॅलिटीची (सर्व वेबसाइट व सेवांना समान वागणूक देण्याची) तत्त्वे एखादी विशिष्ट सेवा मुद्दाम मंद करण्याच्या आड येतात, पण क्षमताच अपुरी ठेवल्याने आलेली मंदी त्यांत बसत नाही. 2023 पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान 2 एमबीपीएस पुरतात. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या आचारसंहितेवर सही केलेल्या कंपन्यांना मार्च 2019 पासून विक्रीपूर्वीच गर्दीच्या वेळेचा वेग आणि किमान हमीचा वेग सांगावा लागतो, आणि दोष 30 दिवसांत दूर झाला नाही, तर ग्राहक दंडाशिवाय करार सोडू शकतो. अशीच तरतूद इथे ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, करावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर आपली तपासणी आपणच करावी. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून आठवडाभर सकाळी आणि रात्री साडेनऊला वेग नोंदवावा. लॅन केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी असेल, तर दोष शेजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेल्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा असू शकतो, आणि 5 गिगाहर्ट्झवर गेल्याने काम भागते. दोन्हीकडे रात्रीच घसरण दिसली, तर नोंदींसह तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा, उत्तर पटले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. नवे कनेक्शन घेणाऱ्याने त्याच इमारतीत तीच सेवा वापरणाऱ्या शेजाऱ्याकडे रात्री चाचणी करून पाहावी, आणि सवलतीच्या मोहाने वर्षाचे पैसे एकदम न भरता पहिले दोन-तीन महिने मासिक प्लॅनच ठेवावा.