सिव्हीसीआरएम : बदली झाली तरी गुरुजी यादीतून जात नाहीत

आमची संस्था जिल्हा परिषदेच्या शाळांना वाचनपेट्या पुरवते आणि संपर्कांची यादी मी सांभाळते. आधी एक्सेल होतं. बदल्या झाल्या की शाळेपुढचं जुनं नाव पुसून नवं टाकायचं. त्यासरशी ज्या बाईंनी तिथं पेटी जीव लावून चालवली, त्यांचा मागमूसही उरत नसे.

सिव्हीसीआरएम हे संपर्कांच्या नोंदी ठेवणारं, स्वयंसेवी संस्थांसाठीच बनवलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. परवान्याचा खर्च नाही, वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात व्यक्ती, कुटुंब आणि संस्था असे तीन प्रकारचे संपर्क असतात, आणि त्यांच्यातलं नातं ही वेगळी नोंद असते. मला सगळ्यात आवडलं ते हेच. नात्याला सुरुवातीची तारीख असते, शेवटचीही. गुरुजी बदलून गेले की जुन्या शाळेशी असलेल्या नात्याला शेवटची तारीख घालायची आणि नवीन शाळेशी नवं नातं जोडायचं. मोबाइल नंबर, पत्रव्यवहार, देणग्या सगळं त्यांच्याच नावावर राहतं. शाळेचं पान उघडलं की सध्याचे शिक्षक वर दिसतात, आधीचे खाली वेगळ्या तक्त्यात.

नात्यांचे प्रकार आपले आपण करता येतात. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असे आम्ही केले. एका गावच्या ताई समितीच्या अध्यक्ष आहेत, बचत गटही चालवतात, शिवाय आम्हाला देणगी देतात. एक्सेलमध्ये त्यांच्या तीन ओळी होत्या, त्यामुळे दिवाळीचं पत्रही तीनदा जायचं. आता ताई एकच, नाती दोन, आणि देणगी त्यांच्याच पानावर.

वडगावं ढीगभर, त्यामुळे शाळांच्या नावांवर विसंबता येत नाही. शाळेचा ११ आकडी यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी क्रमांक) आम्ही बाह्य ओळखक्रमांकाच्या रकान्यात भरतो. तोच क्रमांक दुसऱ्या संपर्काला दिला तर सॉफ्टवेअर घेत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. पदाचा रकाना व्यक्तीच्या नोंदीत आहे, नात्यात नाही, आणि 'सध्याची नोकरी' एकाच ठिकाणची लिहिता येते. आमच्याकडे माणूस एका ठिकाणी शिक्षक असतो, दुसरीकडे पतसंस्थेचा संचालक. पद हे त्या त्या संस्थेतलं असतं, तेव्हा ते नात्यालाच चिकटायला हवं. सुदैवाने नात्याच्या नोंदीला आपला रकाना जोडता येतो. आम्ही 'पद' तिथं ठेवलं आणि मूळ रकाना रिकामाच सोडतो. माहिती भरायला घेण्याआधीच हे ठरवून टाका, नंतर हलवणं फार किचकट.

होस्टिंगचे, म्हणजे सॉफ्टवेअर इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे, पैसे लागतात, शिवाय बॅकअप आणि अपडेट बघणारं कुणीतरी हाताशी हवं. चार-पाच शाळांपुरतंच काम असेल तर एक्सेल पुरे. तालुकाभर शाळा असतील तर हे जरूर घ्या, फक्त एक्सेलची यादी आत ओढण्याआधी नात्यांचे प्रकार कागदावर लिहून काढा.