पांढरी सातच्या टिन व्हिसलपायी गेलेले 233 युरो 70 सेंट

आयर्लंडमध्ये राहून टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची छोटी धातूची बासरी, शिकणाऱ्या, आणि आता नेहमीच्या डी पट्टीवरून, म्हणजे आपल्या पांढरी दोनवरून, एखाद्या कमी प्रचलित पट्टीकडे वळू पाहणाऱ्या मराठी मंडळींनी सावध व्हावे, म्हणून लाज गिळून हे लिहीत आहे. रक्कम आधीच सांगून टाकतो: व्हिसलचे 175 युरो, टपालखर्चाचे 15 आणि तथाकथित कस्टम्सचे 43.70, असे एकूण 233 युरो 70 सेंट गेले.

डी, सी किंवा ई फ्लॅटमधली व्हिसल घेताना असे फसणे अवघड आहे. जनरेशन या कंपनीच्या व्हिसल बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ आणि जी अशा सहा पट्ट्यांत कारखान्यातच बनतात, त्या स्वस्त असतात आणि त्यांचा भाव सर्वांना ठाऊक असतो. मला हवी होती ती बी, म्हणजे पांढरी सात. आमच्या सेशनमधले, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीतले, एक ज्येष्ठ वादक इलन पाइप्स या भात्यावर चालणाऱ्या आयरिश बॅगपाइपचा बी पट्टीतला ‘फ्लॅट सेट’ वाजवतात. डीमधल्या पाइप्सपेक्षा त्याचा आवाज खालचा आणि मऊ असतो, आणि त्यांच्याबरोबर वाजवायचे तर त्याच पट्टीची व्हिसल हवी. ती हाताने बनवणारे कारागीर मोजके, आणि चांगल्या कारागिराकडे नाव नोंदवून वाट पाहावी लागते. वस्तू दुर्मीळ असली की गिऱ्हाईक उतावीळ असते आणि भाव ताडून पाहायला त्याच्याजवळ काही नसते, हे ठकाला आपल्यापेक्षा चांगले कळते.

जाहिरात इंग्लंडमधल्या एका खाजगी विक्रेत्याची होती. आता काम थांबवलेल्या एका कारागिराने बनवलेली पितळी व्हिसल, मुखाशी काळ्या चामड्याची पट्टी, ‘अत्यंत दुर्मीळ पट्टी’ वगैरे. मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. आवाजाचे ध्वनिमुद्रण मागितले. त्याने पाठवले, मी फोनवरचा ट्यूनर लावला, आणि काटा बरोबर बीवर स्थिरावला.

तिथेच ओळखायला हवे होते. त्या ध्वनिमुद्रणात एकच स्वर होता, सहाही भोके बंद ठेवून धरलेला लांबलचक षड्ज! ‘सारेगम वाजवून दाखव म्हणायला तोंडात जीभ नव्हती का,’ असे बायको आजही विचारते. ट्यूनर स्वच्छ बी दाखवत असताना संशय घ्यायचा तो कशाचा, हा माझा प्रश्न मात्र अजूनही कायम आहे. छायाचित्रात सर्वांत खालचे भोक नळीच्या टोकाच्या फारच जवळ आले होते, पण ते कशाचे लक्षण आहे हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. तुम्हाला मी सांगतो आहे.

ती कारखान्यातली साधी बी फ्लॅट व्हिसल, म्हणजे काळी पाच होती. नळीचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर कापून घासले होते आणि प्लॅस्टिकचे मुख चामड्याखाली दडवले होते. टोक कापले की फक्त षड्ज अर्ध्या स्वराने चढतो. बाकीचे स्वर भोकांच्या जागेवर ठरत असल्यामुळे ते होते तिथेच राहतात. परिणामी रिषभ, गंधार कोमल लागतात, शुद्ध मध्यमाच्या जागी शुद्ध गंधार येतो आणि पंचमाच्या जागी चक्क तीव्र मध्यम! ‘मुख थोडे सरकवून सूर जुळवा,’ असे उत्तर त्या गृहस्थाने दिले. मुख सरकवल्याने सगळे स्वर एकदमच चढतात किंवा उतरतात, हे त्याला माहीत नसेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. सप्तक पूर्ण वाजवलेले ऐकल्याशिवाय, आणि तेही चलचित्रात बोटे दिसत असताना, कोणत्याही पट्टीची जुनी व्हिसल घेऊ नका.

आता 43.70 युरोंचे. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून येणाऱ्या मालावर इथे 23 टक्के व्हॅट लागतो, आणि 190 युरोंचे 23 टक्के बरोबर 43.70 होतात, त्यामुळे विक्रेत्याने कस्टम्सच्या नावाखाली केलेली तेवढ्याच रकमेची मागणी मला प्रामाणिकपणाची वाटली. असा कर पार्सल इथे पोहोचल्यावर टपाल खाते किंवा कुरिअरवाले घेतात. खाजगी विक्रेता तो स्वतःच्या खात्यात मागू लागला की व्यवहार तिथेच मोडा. पार्सलवरच्या घोषणापत्रात त्याने ‘भेटवस्तू, 15 पाउंड’ लिहिले होते, म्हणजे करही चुकवला आणि माझे पैसेही खिशात घातले.

यानंतर दाद मागायला गेलो, तर जाहिरातीचे संकेतस्थळ म्हणाले की हा दोन व्यक्तींमधला व्यवहार आहे. पैसे ‘मित्र-नातेवाईक’ या प्रकारात पाठवले असल्याने खरेदीदाराचे संरक्षण नाही, असे पेमेंट सेवेने कळवले. दोन-चार युरोंचे शुल्क वाचवण्यासाठी विक्रेता हा प्रकार सुचवतो तेव्हा तो काय वाचवत असतो ते समजून घ्या. बँकेने ‘आपण स्वतःच मंजुरी दिली होती’ एवढे एकच वाक्य निरनिराळ्या सह्यांनिशी पाठवले. चौदा दिवसांत माल परत करण्याचा युरोपीय हक्क व्यापाऱ्यांपुरताच, खाजगी विक्रेत्याला तो लागू नाही. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने व्हिसल हातात घेऊन उलटसुलट पाहिली, ‘पण वाजते ना?’ असे विचारले, आणि वस्तू मिळालेली असल्यामुळे हा दिवाणी वाद आहे, शिवाय विक्रेता इंग्लंडमध्ये असल्यामुळे तक्रार तिकडेच करावी, असे सांगून मला वाटेला लावले. तिकडच्या नोंदणीतून एक क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचे पुढे काय होते, ते विचारण्यासाठी मात्र कोणताच क्रमांक नाही. खिडकीमागे बसलेल्या प्रत्येकाला माझी फसवणूक झाली हे मान्य होते, आणि ती आपल्या खिडकीसमोर झालेली नाही याचेच प्रत्येकाला समाधान होते.

बँकेचे अंतिम उत्तर लेखी घेतले आहे, कारण त्याशिवाय वित्तीय सेवा लोकपालाकडे जाता येत नाही, किंवा मग चाळीस कामकाजाचे दिवस वाट पाहावी लागते. अर्जासोबत पैसे पाठवल्याची पावती, ते एका स्वराचे ध्वनिमुद्रण आणि पार्सलवरचे घोषणापत्र जोडत आहे. ते घोषणापत्र खोक्यासकट कचऱ्यात टाकू नका; विक्रेत्याच्या हातचे लेखी असे माझ्याजवळ तेवढेच आहे.