ज्येष्ठांना काम मिळवून देणारी सेवा: चार महिन्यांचा अनुभव

एका खासगी कारखान्यात ३३ वर्षे हिशेबनीस म्हणून काम केल्यानंतर, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होताच मी पुण्यातील अशा एका सेवेकडे १,५०० रुपये भरून नाव नोंदवले. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते आणि ते ६० पर्यंत पुढे ढकलल्यास दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते, हे तेथील समुपदेशक बाईंनी माझे पासबुक समोर ठेवून, कागदावर आकडेमोड करून समजावले. त्या अर्ध्या तासातच माझे पैसे वसूल झाले, असे मी मनापासून म्हणेन.

प्रत्यक्ष काम मिळण्याच्या बाबतीत मात्र निराशा झाली. मुलाखतीची तीन बोलावणी आली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे अर्धवेळ आणि बसून करण्याचे काम हवे, असे मी अर्जात लाल शाईने लिहिले होते. तरीही पहिले कार्यालय लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर निघाले आणि दुसरीकडे रात्री नऊपर्यंत थांबण्याची अट होती. तिसऱ्या ठिकाणी माझे टॅलीचे आणि जीएसटी विवरणपत्रांचे काम पसंत पडले, पण वय ऐकताच बोलणे थांबले. घराच्या कर्जाचे दोन वर्षांचे हप्ते मी याच पगारावर धरले होते, त्यामुळे तो नकार फार लागला.

केवळ निवृत्तिवेतनाचा सल्ला हवा असेल, तर येथे अवश्य जावे. नोकरीसाठी नोंदणी करायची असल्यास ती निवृत्तीच्या वर्षभर आधीच करावी.